अडलंय कुठं?

गेल्या लग्नसराईत आमच्याकडे, मराठवाड्यातल्या कन्नडला, पाहुणे जमले होते. दुपारची जेवणं उरकली, पुरुषमंडळी अंगणात अद्रकीच्या भावावर बोलत बसली आणि आत टीव्हीवर ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ लागला. सतीश राजवाडे यांचा हा २०१५ सालचा चित्रपट आता इतक्यांदा दाखवून झालाय, की घरातल्या मुलींना संवाद पाठ आहेत. मावशी मात्र पहिल्यांदाच पाहत होती. गौरी आणि गौतम एकमेकांना आवडलेले, दोन्ही घरं खूश, लग्नाची तयारी जोरात; आणि मुक्ता बर्वेची गौरी मनातून मागे मागे सरकतेय. मावशीने बराच वेळ धीर धरला. मग मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘‘पोरगा चांगला, माणसं चांगली, खाऊनपिऊन सुखी. मंग हिचं अडलंय कुठं?’’

मुली हसल्या. मला मात्र तो प्रश्न चिकटून राहिला. लग्नाला तयार नसलेली, किंवा आपण तयार आहोत की नाही हेच न उमगलेली नायिका आणि तिच्याभोवती फिरणारी हलकीफुलकी प्रेमकथा, हा प्रकार गेल्या दीड दशकात मराठीत चांगलाच रुजलाय. तो चालतो कसा, हे समजून घ्यायचं तर मावशीचाच धागा धरावा लागतो: अडलंय कुठं?

प्रेमकथेला अडथळा लागतो. दोघं भेटली, आवडली, लग्न झालं, असं म्हटलं तर दहा मिनिटांत खेळ आटोपेल. जुन्या चित्रपटांत हा अडथळा दाराबाहेर उभा असायचा. मुलीचा बाप, दोघांची जात, मुलाची बेकारी, मुंबईतली न मिळणारी खोली. बापाने दार उघडलं की प्रेक्षक चपला शोधायला लागत. पण २०१० च्या आसपास शहरी मराठी चित्रपटातले आईबाप एकाएकी समजूतदार झाले. मुलीला शिकवलं, नोकरीला लागू दिलं आणि वर ‘तुला आवडेल तो आम्हाला आवडेल’ असं म्हणून मोकळे झाले. लेखकाची पंचाईत झाली. दारातला धोंडा गेला, आता अडायचं कशाला? मग तो धोंडा उचलून नायिकेच्या मनात नेऊन ठेवला गेला. मावशीला तो दिसेना, कारण ती सवयीने दारात शोधत होती.

आता मुलीचं ‘नाही’ हे काही मराठीला नवं नाही. नवं आहे ते त्यावर हसता येणं. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. अकराव्या वर्षी झालेलं लग्न, नवऱ्याकडे नांदायला कधी गेल्याच नाहीत, जायची इच्छाही नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला, पण प्रकरण पुढे चाललं आणि १८८७ मध्ये उलटा हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. ‘मला हा संसार नको’ या वाक्याची तेव्हाची किंमत ही अशी होती. एवढ्या किमतीच्या गोष्टीवर विनोद उभा राहत नाही. राहिलाच तर तो मुलीच्या अंगावर येतो. शेक्सपिअरच्या हेकट नायिकेला वठणीवर आणणारं नाटक वा. बा. केळकरांनी त्याच शतकात मराठीत आणलं आणि तिचं नाव ठेवलं ‘त्राटिका’. नावातच निकाल लावून टाकला.

मधली पायरी म्हणजे खाडिलकरांचं ‘मानापमान’. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. श्रीमंताची लेक भामिनी, तिच्यासाठी वडिलांनी शूर पण गरीब सेनापती धैर्यधर ठरवलाय आणि ती त्याला सरळ झिडकारते. मग वेष बदलून, वनमाला होऊन त्याच्या छावणीत वावरते, त्याचं खरं मोल तिला कळतं आणि ती स्वतःहून वळते. गोविंदराव टेंबे यांच्या चाली आणि बालगंधर्वांची भामिनी. गंमत म्हणजे मराठी रंगभूमीवरचा मुलीचा हा गाजलेला नकार एका पुरुषाने रंगवला. तर ‘मानापमान’मध्ये या प्रकाराचे जवळजवळ सगळे सुटे भाग आहेत: नकार, नाव लपवून झालेली दुसरी भेट, खोटा पण पैसेवाला प्रतिस्पर्धी, आणि शेवटी मुलीचा स्वतःचा होकार. फक्त एक गोष्ट जुनी आहे. भामिनीचं ‘नाही’ हा तिचा ताठा ठरतो आणि ताठा मोडायचाच असतो. ती चूक आहे हे प्रेक्षकाला पहिल्या अंकापासून माहीत असतं.

पुरुषाने लग्नाला नाही म्हणणं मात्र तेव्हाही निखळ विनोदी होतं. अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेल्या १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त मास्टर विनायक यांचा औदुंबर ब्रह्मचर्याचं व्रत घेतो आणि मीनाक्षीची किशोरी ते व्रत हां हां म्हणता वितळवते. लग्न टाळणारा पुरुष हा गमतीचा विषय, लग्न टाळणारी बाई हा खटल्याचा. हा फरक मिटायला आणखी सत्तर वर्षं लागली.

म्हणून माझा हिशोब असा आहे. मुलीच्या ‘थांबा जरा’ची जी किंमत समाज लावतो, तिच्यावर या विनोदाचा सगळा खेळ अवलंबून असतो. किंमत तुरुंगाएवढी असेल तर शोकांतिका होते. किंमत शून्य असेल, म्हणजे मुलगी पाच वर्षं थांबली काय आणि कधीच हो म्हणाली नाही काय, कुणाचंच काही बिघडत नसेल, तर मजेतली हवाच निघून जाते. २०२१ चा नॉर्वेचा चित्रपट ‘द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड’ आठवा. योआखिम ट्रिअरची नायिका ओस्लोत राहते, करिअर बदलते, माणसं बदलते, कुणी तिला अडवत नाही. सुरुवातीला आपण हसतो, पुढे पुढे हसू गळत जातं आणि शेवटी हातात एक शांत, उदास गोष्ट उरते. विनोद जमतो तो या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे थांबण्याचा खर्च आहे पण परवडण्याजोगा आहे: आईचे टोमणे, हॉलचा बुडालेला अ‍ॅडव्हान्स, छापून आलेल्या पत्रिका, मामाचा रुसवा.

‘मुंबई-पुणे-मुंबई’चा २०१० मधला पहिला भाग या पट्ट्यात अगदी नेमका बसतो. मुंबईची मुलगी आईच्या आग्रहाखातर पुण्यात एका मुलाला भेटायला येते, मनात नकार ठरवूनच. पत्ता शोधताना एक पुणेकर भेटतो आणि दोघांचा दिवस पुण्यात भटकण्यात, भांडण्यात जातो. एवढंच. गाणी आहेत, मारामारी नाही, दुसरी पात्रं जवळपास नाहीत. हे यंत्र इतकं कमी भागांचं आहे, की उघडून बघायला सोपं जातं.

पहिला भाग म्हणजे मुदत. एकच दिवस. संध्याकाळी ती परत जाणार. लग्न म्हणजे जन्मभराची गोष्ट, आणि जन्मभराला घाबरणाऱ्या माणसाला चोवीस तासांची भीती वाटत नाही. ज्या मुलीला पन्नास वर्षांचा करार नको आहे, ती एका दुपारचा करार बिनधास्त करते, कारण तो मोडावा लागत नाही, आपोआप संपतो. त्यामुळे ती सैल होते. बघण्याच्या कार्यक्रमात जे बोलली नसती ते बोलून जाते, आधीच्या प्रेमाबद्दलसुद्धा. दुसरा भाग त्याहून हुशार: चित्रपटभर दोघांना नावंच नाहीत. आपल्याकडे नाव कळलं की आडनाव कळतं, आडनावामागून गाव, गावामागून सोयरे. एका शब्दात अख्खी वंशावळ खोलीत येऊन बसते. नाव काढून घेतल्यावर उरतात फक्त दोन माणसं. शेवटाकडे एक कलाटणी आहे, ती सांगत नाही; न पाहिलेल्यांवर अन्याय होईल.

तिसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. तो मुलगा तिला जिंकायला निघालेला दिसत नाही. तो भांडतो. मुंबई वाईट, पुणं चांगलं, तुमचे वडापाव, आमची मिसळ, असला वाद. भांडण हे या प्रकारात फार कामाचं असतं, कारण बांधून घ्यायला घाबरणाऱ्या मुलीला लाडीगोडी म्हणजे दोरीचा फास वाटते. भांडणात मात्र दोघं बरोबरीची असतात. शेक्सपिअरच्या ‘मच अडू’मधली बीअट्रिस असो की आपल्या तमाशातली गौळण, बोलण्यात हार न जाणारी बाई प्रेक्षकाला आधी आवडते, मग पटते.

अशी अडकवून ठेवणारी मुदत किंवा जागा नसेल तर गाडी पुढे सरकत नाही. फ्रँक काप्राच्या १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये ती जागा लांब पल्ल्याची बस आहे. घरातून पळालेली लखपतीची पोर आणि एक बातमीदार. आणि शेवटी ती मुलगी चक्क बोहल्यावरून पळते. त्याचंच आपल्याकडे १९५६ मध्ये ‘चोरी चोरी’ झालं आणि १९९१ मध्ये ‘दिल है के मानता नहीं’. बसमध्ये शेजारची सीट आपण निवडलेली नसते. उतरेपर्यंत सोडताही येत नाही. एसटीने लांबचा प्रवास केलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसऱ्या भागात राजवाडेंनी जास्त अवघड काम घेतलं. आता मुदत संपलीय, दोघांना नावं मिळालीत आणि नावांबरोबर आजीपासून सासऱ्यापर्यंत सगळी वरात पडद्यावर आलीय. गौरीचा जुना मित्र अर्णवही परततो. वरवर पाहता तो अडथळा आहे, पण मला तो बहाणाच वाटतो. मनातली घुटमळ कॅमेऱ्यात पकडता येत नाही. तिला एक चेहरा द्यावा लागतो. अर्णव हा त्या घुटमळीचा चेहरा. तो नसता आला तरी गौरी अडखळलीच असती, फक्त आपल्याला दिसलं नसतं. असं पात्र लेखकाने किती खरं करावं याला मर्यादा आहे. फार चांगला केला तर प्रेक्षक त्याच्या बाजूने जातात, फार वाईट केला तर मुलगी मूर्ख ठरते. या चित्रपटात तो जरा पुसटच राहिलाय आणि तेच बरं झालं.

खरा भार आहे गौतमवर. इथे नायकाला नाचायचं नाही, लढायचं नाही, वाट बघायची आहे. आणि वाट बघणारा पुरुष पडद्यावर दोन तास आवडता ठेवणं हे कसबाचं काम आहे. तो चिडला नाही तर बुळा वाटतो, चिडला तर तिच्या भीतीला पुरावा मिळतो. स्वप्नील जोशीने हे तोंडावरच्या हसण्यावर निभावलं, असं माझं मत. घरातल्या मुलींना ते मान्य नाही. २०१८ च्या तिसऱ्या भागात तर लग्नानंतर अचानक येऊ घातलेलं मूल आणि तयार नसलेली गौरी, म्हणजे तोच प्रश्न एका जिन्याने वर. एकदा हो म्हटलं म्हणजे सुटलं, असं नसतंच.

दूरचित्रवाणीने हीच युक्ती उलटी वापरली. २०१२ साली झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आली, जोडी तीच. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला वडिलांना सोडून जायचं नाही. लग्न दोघांनाही नको. घरच्यांचा ससेमिरा थांबवायला दोघं ठरवून, कराराने लग्न करतात. लग्नाला घाबरणाऱ्या माणसांना लग्नातच लपवायचं! रोज रात्री अर्धा तास, महिनोन् महिने चालवायचं असेल तर याहून चांगलं कोठार नाही. आमच्या गल्लीत त्या वेळी जेवणं आधी उरकली जायची. राधाला कुणी नावं ठेवत नव्हतं, कारण ती नाही म्हणत होती ते बापासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझा सगळ्यात आवडता नमुना मात्र परेश मोकाशी यांचा ‘चि. व चि. सौ. कां.’ (२०१७). लेखनात मधुगंधा कुलकर्णी बरोबर. नाव पत्रिकेवरून उचललंय: चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. पत्रिका छापणारा विचारत नाही, पण या शब्दाचा अर्थ सौभाग्याची आस लागलेली असा आहे. मुलाला नुसतं दीर्घायुष्य, मुलीला दीर्घायुष्य आणि वर आसही. मोकाशींनी हा शब्द जिच्यावर लावला ती सावित्री जनावरांची डॉक्टर आहे आणि तिला कसलीही घाई नाही. मृण्मयी गोडबोलेची सावित्री म्हणते, लग्नाआधी काही काळ एकत्र राहून बघू, जमलं तर पुढचं. ललित प्रभाकरचा सत्यप्रकाश सौरऊर्जेच्या नादातला. आता हीच अट एखाद्या गंभीर चित्रपटात घातली असती तर दोन घरं फुटली असती. इथे होतं काय, की दोन्ही कुटुंबं थक्क होतात, चर्चा करतात, अब्रूची काळजी करतात आणि या ‘प्रयोगा’भोवती घोटाळत राहतात. लग्न नको म्हणणारी मुलगी पाहुण्यांना घालवून देते. सावित्री त्यांना थांबवून ठेवते. ‘नाही’ आणि ‘हो’ यांच्या मधला काळ तिने मागून घेतलाय आणि सगळा चित्रपट त्या मधल्या काळात घडतो. जाता जाता: आपल्या कायद्यालाही ही कल्पना अगदीच परकी नाही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर नोटीस देऊन ३० दिवस थांबावंच लागतं. फक्त ते ३० दिवस वाट बघायची असते ती इतरांच्या हरकतीची. नवरीच्या मनाची चौकशी त्यात नाही.

मनाची चौकशी म्हटली, की मला १९९९ चा ‘रनअवे ब्राइड’ आठवतो. ज्युलिया रॉबर्ट्सची मॅगी तीनदा ऐन लग्नातून पळालेली. का, हे कुणालाच सांगता येत नाही. मग एक बारीक गोष्ट उघड होते. ज्या ज्या मुलाशी तिचं ठरलं, त्याला जशी अंडी आवडत, तशीच तिलाही आवडू लागत. स्वतःला कशी आवडतात, हे तिला ठाऊकच नाही. शेवटाकडे ती एकटी बसून सगळ्या प्रकारची अंडी करून चाखते आणि ठरवते. चित्रपट म्हणून तो मध्यम आहे, पण ही अंड्यांची जागा फार नामी आहे. मावशीच्या प्रश्नाला मिळालेलं सर्वांत सोपं उत्तर तिथे ताटलीत वाढून ठेवलंय.

आपल्याकडे अंड्यांऐवजी पोहे. ‘सनई चौघडे’ने (२००८) तर कांदेपोहे ही बघण्याच्या कार्यक्रमाची खूण पक्की केली. मुलीच्या हातचे पोहे पाहुणे खातात, मीठ-तिखट बघतात, काकू विचारते ‘तूच केलेस ना गं?’ आजवर झालेल्या कार्यक्रमांत मुलीला पोहे आवडतात का, हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ची सुरुवात याच जागी बोट ठेवते. मुलाला समोर बसवलंय, बायका त्याची उंची, शिक्षण, रंग विचारतायत. आणि मग कळतं, मुलीला पडलेलं ते स्वप्न होतं. विदर्भातल्या खेड्यातली ही गोष्ट, २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आली. त्या पहिल्या दृश्याला लोक खदखदून हसतात. पुढे खरे कार्यक्रम एकामागून एक सुरू होतात तसं हसू घशात अडकतं. किंमत त्या पट्ट्याच्या वर गेली, की काय होतं ते इथे बघायला मिळतं.

हे सगळं मुंबई-पुण्याचं खूळ, असं म्हणायची सोय आपल्या जिल्ह्याला नाही. मुलगी एका पुरुषाशी बांधून घ्यायला का कू करते, हे मराठी रंगभूमीवर सर्वांत धीटपणे मांडणारं ‘चारचौघी’ प्रशांत दळवींनी लिहिलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलं. दोघंही तेव्हाच्या औरंगाबादचे, ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतले. साल १९९१. त्यातली धाकटी विनी दोन मुलांवर एकाच वेळी प्रेम करते आणि दोघांपैकी एकाला निवडायलाच नकार देते. तिघांनी एकत्र राहिलं तर काय हरकत आहे, असं विचारते. ते नाटक विनोदी नाही, पण विनीच्या प्रवेशांत प्रेक्षक हसतात, थोडे घाबरून. २०२२ मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्यात मुक्ता बर्वे होती. गौरी आणि राधा यांचं गोत्र असं कन्नडपासून दीड-दोन तासांवर निघतं.

आता प्रश्न असा, की कन्नडमध्ये हा चित्रपट घडेल का? मावशीच्या गावात?

इथे मुलीच्या थांबण्याला मान्यता एकाच कारणाला आहे: परीक्षा. ‘मला लग्न नको’ हे वाक्य कुणी उच्चारत नाही. ‘एवढी भरती होऊ दे’, ‘यंदाची राज्यसेवा देते, मग बघा’ असं म्हणतात. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या मुली दिसतात, अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच खरोखर नोकरीसाठी झटतायत. काहीजणी नोकरीसाठी आणि वेळेसाठी, दोन्हीसाठी. राधाला जसा बाप, तशी यांना भरतीची जाहिरात. नकार स्वतःसाठी दिला तर तो माज ठरतो, दुसऱ्या कशासाठी दिला तर तो गुण. आणि जाहिरात पुढे ढकलली गेली, की इतर सगळे सरकारला शिव्या घालतात तेव्हा एखादी मुलगी मनातल्या मनात सहा महिन्यांची पावती फाडून घेते.

दुसरीकडे नकार पचवणारा कोण, तर शेतकऱ्याचा पोरगा. दहा एकर बागायत, घरी ट्रॅक्टर, पण पोरी म्हणतात नोकरीवाला पाहिजे. ‘नवरदेव बीएस्सी अ‍ॅग्री’ (२०२४) त्याच दुखण्यावर. गावागावांत तिशी उलटलेली पोरं आहेत आणि त्यांच्या बाबतीत ‘अडलंय कुठं’ हा प्रश्न मावशी कधीच विचारत नाही, सुस्कारा टाकते. म्हणजे किंमत दोन्ही बाजूंना आहे, परवडण्याच्या हद्दीत आहे, मुदत आहे, बहाणा आहे. सगळे सुटे भाग कन्नडच्या बाजारात उपलब्ध आहेत. जोडून बघायला काय हरकत आहे?

अडकवून ठेवणारी जागा तर आपल्याकडे सरकारनेच करून ठेवलीय: औट्रम घाट. इकडे मराठवाडा, खाली खानदेश. पूर्वी इकडे निजाम आणि तिकडे इंग्रज. सोयरीक मात्र दोन्हीकडे चालत आलीय. घाटात एखादी गाडी आडवी झाली, की तासन्‌तास कुणी वर येत नाही, कुणी खाली जात नाही, गौताळ्याची माकडं मात्र ये-जा करतात.

तर समजा, ती कन्नडची. आज घरी पाहुणे येणार आहेत आणि नेमकी उद्या नाशिकला परीक्षा. घरच्यांचा हिशोब: सकाळी कार्यक्रम, दुपारी चाळीसगावहून रेल्वे. तिचा हिशोब: पहाटेच निघायचं, कार्यक्रम हुकवायचा, चिठ्ठी ठेवायची. ती एसटीने घाट उतरतेय. तो चाळीसगावकडचा, कपाशीवाला. मामाच्या जीपमधून मुलगी बघायला घाट चढतोय. हा त्याचा अकरावा कार्यक्रम. मधल्या वळणावर ट्रक पंक्चर. दोन्ही गाड्या समोरासमोर थांबतात. राजवाडेंची युक्ती उसनी घेऊन नावं द्यायची नाहीत.

पहिलं बोलणं भांडणाचं. जीप चुकीच्या बाजूला घातलीय, त्यामुळे एसटी अडकलीय, असं ती खिडकीतून सुनावते. तो म्हणतो, ताई, ट्रक माझा नाही. ‘ताई’ म्हटल्यावर ती आणखी चिडते. तासाभराने लोक कठड्यावर बसतात, चालू घडामोडींचं पुस्तक ती उघडते, तो मागून डोकावून एक उत्तर चुकीचं सांगतो. तिथून गाडी रुळाला लागते. तो सांगतो, कुठे निघालोय. म्हणतो, आता पोरीकडच्यांनी नाही म्हटलं तरी चालेल, पण पोहे नको झालेत, अकराव्यांदा तेच. ती सांगत नाही कुठून निघालीय. प्रेक्षकाला माहीत, तिला तिसऱ्या वाक्यात कळलंय, त्याला काहीच पत्ता नाही. विनोदाला एवढा उंचसखलपणा पुरतो.

अर्णवची जागा इथे फोन भरून काढेल. वडिलांचे सात मिस्ड कॉल, आणि घाटात रेंज येते-जाते. मामा जीपमध्ये घोरतोय. प्रत्येक यंत्राला एक घोरणारा मामा लागतो. गाडी हुकली तर परीक्षा गेली, परीक्षा गेली तर थांबण्याचा परवाना गेला. म्हणजे ट्रक जितका वेळ आडवा, तितकी तिची किंमत चढते आणि तितकीच दोघांची ओळख वाढते. एकच काटा दोन्ही बाजूंना फिरतोय. भूक लागल्यावर तो जीपमधून डबा काढतो.

ट्रक हलला, की शेवट करायचा. ती त्याला होकार देत नाही. एवढ्यात देऊ नये. दिला तर आपण उभं केलेलं सगळं खोटं पडेल. ती एसटीत चढते, खिडकीतून सांगते, वर जाताय ना, त्या घरी निरोप द्या, पोरगी परीक्षा देऊन परवा येतेय, थांबायचं तर थांबा. आणि एसटी वळण घेते. तो रस्त्यात उभा, मागे हॉर्नची बोंब.

मावशीला मी ही गोष्ट सांगितली. तिने मेथी बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकली. तो थांबला का, तिला नोकरी लागली का, पुढे लग्न झालं का, यातलं काही विचारलं नाही. ‘‘त्याच्या डब्यात काय व्हतं?’’ म्हणाली.

मी म्हटलं, पोहे नव्हते एवढं नक्की. बाजरीची भाकरी, ठेचा असं काहीतरी असेल.

‘‘मंग तिला इचारलं का त्यानं, तुला चालंल का म्हणून?’’